मी आता कुठं बघू?

मॅडम,

आज मीटिंगमध्ये परत तुमचा आवाज आला. द्राक्षं घेणाऱ्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला होता. टेबलाच्या टोकाला बसून पेनाचं टोपण सारखं टिक-टिक उघडमीट करत होता, आणि माझं सगळं लक्ष त्या टिक-टिककडे. तेवढ्यात माझ्या उजव्या कानामागून तुम्ही म्हणालात, "खांदे सोड. हस थोडं. एवढं नको, दात दिसतायत." मी खांदे सोडले, दात झाकले, आणि तो माणूस जे काही विचारत होता त्याचं उत्तर दिलं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी तुमची शिकवणी काही सुटत नाही. घरी सांगितलं तर मला देवरुष्याकडे नेतील, म्हणून सांगत नाही. तुम्हाला भूत म्हणावं, तर भुताचं एकही काम तुम्ही नीट करत नाही. दिसत नाही, घाबरवत नाही, नुसत्या चुका काढता.

मला तुम्ही पहिल्यांदा झापलंत तो दिवस आठवतो का? कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये बाहेरचे परीक्षक बसले होते आणि तुम्ही दाराशी उभ्या. त्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?" नाव त्यांच्या समोरच्या कागदावर लिहिलेलं होतं, वर त्यांचं बोटही होतं. मग ते का विचारतायत, यात काही खोच आहे का, याचा विचार करण्यात माझा वेळ गेला. ते म्हणाले, "मुकी आहे का ही?" त्याचंही उत्तर मी दिलं नाही, कारण तो प्रश्न तुम्हाला होता. ते गेल्यावर तुम्ही मला बेसिनपाशी गाठलंत. "ब्युरेटवरचं तुझं रीडिंग कधी चुकत नाही, आणि स्वतःचं नाव सांगता येत नाही? उद्या नोकरीवर कोण ठेवील तुला?" मी म्हणाले, "माहीत नाही." मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही आधी लाल झालात, मग हसायला लागलात, आणि मला म्हणालात, "शनिवारी घरी ये."

नोकरी म्हणजे माझ्यासाठी काय होतं हे तुम्हाला एकदाच सांगितलं होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ सांगून टाकलेलं: "नोकरी लागली तर बरंच हाये. न्हाईतर परीक्षा झाली की उरकून टाकू." दादा वाईट नव्हते. आमच्या आणे गावात मुलीला एवढं शिकवलं हेच पुष्कळ होतं, आणि माझ्याकडे बघून लोक काय म्हणतात ते त्यांना रोज पारावर ऐकावं लागायचं. "जरा तशीच हाये," म्हणायचे लोक. तशी म्हणजे कशी, हे कुणी पुढं सांगत नसे. एक स्थळ येऊनही गेलं होतं. पाहुण्यांनी स्वयंपाक येतो का विचारलं, मी म्हणाले, "भाजी येते, भाकरी फाटते." पोहे न संपवता उठले ते. पुढच्या स्थळासमोर मी काहीच बोलायचं नाही असं आईनं ठरवलं होतं. अनोळखी वीस माणसांच्या घरात, सगळ्या आवाजांत आणि वासांत, कुणीतरी सारखं दंडाला धरून हलवतंय अशा ठिकाणी मला कायमचं राहावं लागणार, एवढंच मला दिसायचं. त्या विचारानं मला उलटी व्हायची. हे मी अलंकारिक सांगत नाही, खरंच व्हायची.

शनिवारी सकाळचं कॉलेज सुटलं की मी बाजारपेठेमागच्या तुमच्या दोन खोल्यांत यायची. बाहेरच्या खोलीत तुमचे मिस्टर पेपर वाचत बसलेले. मी आले की पेपर न हलवता म्हणायचे, "या, कलेक्टरबाई." आत स्वयंपाकघरात तुम्ही दोन स्टुलं समोरासमोर मांडता. मधे पोळपाट उपडा घालता, ते साहेबांचं टेबल. पदर खोचून तुम्ही साहेब होता आणि जाड आवाजात विचारता, "बोला, आमच्याकडेच का यायचंय तुम्हाला?" गॅसवर डाळ शिजतेय, शिट्टी होणार हे मला माहीत आहे, आणि ती होईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. तुमच्या ते लक्षात येतं. पुढच्या शनिवारपासून डाळ आधीच शिजवून ठेवलेली असते.

काय काय शिकवलंत तुम्ही! "जेवलीस का?" हा जेवणाचा प्रश्न नसतो. "कसं काय?" म्हटलं की "बरं चाललंय" एवढंच सांगायचं, कालचं पोट बिघडलेलं सांगायचं नाही. चहाला एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा घ्यायचा. मी विचारलं, "आणि नकोच असेल तर?" तुम्ही बराच विचार केलात आणि म्हणालात, "तर तीनदा नको म्हण आणि अर्धा कप घे." पण डोळ्यांचं काही केल्या जमेना. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. उन्हाकडं बघितल्यावर होतं तसं. तुम्ही ओरडून बघितलंत, समजावून बघितलंत. मग एका शनिवारी तुम्ही स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलंत. "इथं बघ. टिकलीकडे. समोरच्याला वाटतं डोळ्यांतच बघतेय. आणि पुरुष असला, तर दोन भुवयांच्या मधे टिकली आहे असं समज." तुमची टिकली गोल, मरून रंगाची, मध्यम. मी तिच्याकडे बघितलं आणि तुमच्या पाचही प्रश्नांची उत्तरं न अडखळता दिली. बाहेरून मिस्टर म्हणाले, "लागली नोकरी!" तुम्ही तोंडाला पदर लावून हसत होता असं आवाजावरून वाटलं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नारायणगावाजवळच्या नव्या पॅकहाउसमधून, द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात तिथून, मला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथल्या छोट्या लॅबमध्ये द्राक्षाची गोडी मोजायची, मण्याची जाडी मोजायची. जणू माझ्यासाठीच काढलेलं काम. आणि त्याच आठवड्यात तुमचे मिस्टर गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, तिथंच खुर्चीत.

दुखवट्याला मी आईबरोबर आले. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बायका बसलेल्या, भिंतीला टेकून तुम्ही. आईनं जीपमध्ये बजावलं होतं, काही बोलायचं नाही, बसायचं आणि उठायचं. मी बसले. तुम्ही मला बघितलंत आणि काहीतरी विचारलंत, "जीप मिळाली का गं लवकर" असलं काहीतरी. मी सवयीनं तुमच्या कपाळाकडं बघितलं आणि तिथं काहीच नव्हतं. जिथं टिकली असायची तेवढी गोल जागा बाकीच्या कपाळाहून उजळ होती. माझं डोकं पुसलं गेलं. मी मोठ्यानं विचारलं, "मॅडम, मी आता कुठं बघू?"

खोलीतलं रडणं थांबलं. आईनं मला इतक्या जोरात चिमटा काढला की दंडावर निळं झालं. तुमच्या नणंदबाई, लोणीहून आलेल्या, मिस्टरांच्या मोठ्या बहीण, त्या म्हणाल्या, "कोणाची पोरगी ही? काय बोलतीया, कुठं बोलतीया, काय तारतम्य हाये का न्हाई?" तुम्ही उठून आत गेलात. आई मला ओढत बाहेर घेऊन आली आणि जीप स्टँडपर्यंत रडत राहिली. ती का रडतेय ते मला कळेना. मला तर खरोखर अडचण होती, आणि ती फक्त तुम्हालाच विचारता आली असती.

शनिवारी मी आले. शनिवार होता, आणि येऊ नकोस असं मला कुणी सांगितलं नव्हतं. दारात नणंदबाई. "आता कशाला आलीस?" मी म्हणाले, "शनिवार आहे." त्या दार अडवून उभ्या राहिल्या. आतून तुमचा आवाज आला, "येऊ द्या तिला." स्वयंपाकघरात सुतक असलेल्या घराचा वास होता, चूल थंड असल्याचा. तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठलात. कोनाड्यातल्या आरशाच्या कडेला तुमच्या जुन्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या, सगळ्या बायका चिकटवतात तशा. त्या कुणी काढल्या नव्हत्या. तुम्ही त्यातली एक नखानं सोडवलीत. क्षणभर बोटावर धरलीत. मग कपाळावर लावलीत, दाबलीत, आणि दोन स्टुलं मांडलीत. पोळपाट उपडा घातलात. "बसा," म्हणालात साहेबाच्या आवाजात. "नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं. टिकलीकडे बघून. तुमचा आवाज मधेच चिरका होत होता, पण प्रश्न सगळे तेच, त्याच क्रमानं. मी उत्तरं देत गेले आणि मला फार बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. घरात माणूस गेलेलं आणि मला बरं वाटत होतं. तेवढ्यात नणंदबाई पाणी न्यायला आत आल्या. त्यांनी तुमच्याकडं बघितलं आणि कळशी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

"वैनी, काय केलंस हे? माझ्या भावाचं दहावं व्हायचंय अजून. लोकं काय तोंडात शेण घालतील आमच्या!"

तुम्ही स्टुलावरून उठला नाहीत. म्हणालात, "वन्सं, सोमवारी तिची मुलाखत आहे."

"मुलाखत हाये म्हून कुकू लावतीस?"

"हो," म्हणालात तुम्ही. आणि माझ्याकडे वळून, जाड आवाजात, "तर तुमच्यातला एक कमीपणा सांगा बघू."

मी घोकलेलं उत्तर दिलं. नणंदबाई तशाच बाहेर गेल्या. पुढं बाहेरच्या खोलीत जे बोलणं झालं ते मला सगळं ऐकू येत होतं, तुम्हालाही येत असणार. तुम्ही एकही प्रश्न गाळला नाहीत. शेवटी टिकली काढलीत आणि परत आरशाच्या कडेला लावलीत, होती तिथंच. मला निघताना तुमचा जुना सुती पंजाबी ड्रेस दिलात, धुऊन धुऊन मऊ झालेला, मागचं लेबल कापलेला. "नवा घालू नकोस सोमवारी. टोचत राहील आणि तुझं तिकडंच लक्ष जाईल."

सोमवारी तीन साहेब होते. तिघांच्या भुवयांमधे मी तुमची मरून टिकली लावली. मधल्याच्या मिशा झुपकेदार होत्या, त्याला ती फारच शोभत होती, मला हसू आलं, आणि त्यांना वाटलं मुलगी हसतमुख आहे. नोकरी लागली. दादांनी पारावर पेढे वाटले. लग्नाचा विषय पुढं ढकलला, आणि मग ढकलतच राहिले.

त्या शनिवारची किंमत तुम्हाला काय पडली हे मला तेव्हा कळलंच नाही. मला वाटलं, बघायला जागा हवी होती, तुम्ही ती दिलीत. पुढं बऱ्याच वर्षांनी कॉलेजातल्या शिपाई मावशींनी सांगितलं. लोणीच्या घरानं तुमच्याशी येणंजाणं तोडलं. मिस्टरांच्या वर्षश्राद्धाला तुम्हाला बोलावलं नाही. स्वतःच्या नवऱ्याच्या श्राद्धाला. स्टाफरूममध्ये तुमची पाठ फिरली की बायका कुजबुजायच्या, "हौस बघा." तुम्ही मला एका शब्दानं काही बोलला नाहीत. तुम्हाला माहीत असणार, की सांगितलं असतंत तर मी "मग का लावलीत?" असं विचारलं असतं. मावशी हे सांगत होत्या आणि मी नेहमीसारखी त्यांच्या टिकलीकडे बघत होते, आणि मला एकदम त्यांच्या समोर उभं राहवेना.

तुम्ही आजारी पडलात आणि गेलात तेव्हा द्राक्षाचा सीझन ऐन भरात होता. मी सुट्टी काढून आले. तुमच्या भावाच्या घरी सतरंजीवर बसले. तिथं बोलायचं नसतं, हसायचं नसतं, कुणाकडे बघायचंही नसतं. माणसांच्या जगातली ती एकच जागा मला नीट जमते. उठताना "येते" म्हणायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं. मी उठले आणि काही न बोलता जीपमध्ये बसले. आळेफाट्याच्या अलीकडे तुमचा आवाज पहिल्यांदा आला. "पर्स नीट धर," म्हणालात.

तेव्हापासून तुम्ही आहात. मी लॅबची मुख्य झाले, हाताखाली चार जणी आल्या, आणि तुम्ही प्रत्येक ठिकाणी कानामागं. "विचार तिला, मुलं कशी आहेत." "आता पुरे, ते कंटाळले." तुमच्यामुळे मी टिकले, यात मला शंका नाही. पण मॅडम, दिवसभर दुसऱ्याचा चेहरा घालून बसायला काय लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. दुपारी मी द्राक्षं गार करायच्या खोलीत जाऊन उभी राहते. पेट्यांच्या थप्प्या, थंड हवा, पंख्यांचा एकसारखा आवाज. बायका म्हणतात, "मॅडम थंडावायला गेल्या." तिथं मी तोंड सैल सोडते. गाल दुखत असतात. तुमच्यावर मला राग येतो तो तिथंच, आणि तुमची आठवणही तिथंच जास्त येते.

हल्ली त्याला शब्द आहे. आपल्या कॉलेजात आता समुपदेशक बाई येतात. त्यांनी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीबद्दल मला फोन केला आणि 'ऑटिझम' म्हणाल्या, मग समजावून सांगू लागल्या. त्या मुलीबद्दलच सांगत होत्या, पण मी ऐकता ऐकता तो शब्द स्वतःला लावून बघितला. बसला. त्या पुढं म्हणाल्या, "हुशार आहे, पण कुणाकडे बघत नाही. तुमच्याकडे जागा निघालीय ना? मुलाखतीसाठी तिला तयार कराल?"

मुलगी माझ्या खोलीवर आली, आईबरोबर. आईनं आधीच सगळं सांगून टाकलं. "वडील म्हणत्यात, बास झालं शिक्षण. हिला कोण ठेवणारे कामाला? तुमीच काय ते बघा, मॅडम." मुलगी भिंतीवरच्या पालीकडे बघत होती. मी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. तुम्ही कानामागं तयारच होता. "सांग तिला, टिकलीकडे बघ." मी बोट उचललं, कपाळापर्यंत नेलं, आणि मला आरशाच्या कडेची ती टिकली सोडवणारं तुमचं नख दिसलं. तुमचं सगळं पणाला लावून तुम्ही मला जे दिलंत, ते हिच्या हातात ठेवायचं? की आजपासून हिचेही गाल दुखायला लावायचे? "नको देऊस, मग बसेल ती घरी," म्हणालात तुम्ही. "जग काही बदलत नाही गं." मी तुम्हाला पहिल्यांदा उलट बोलले. त्या मायलेकींच्या समोर, मोठ्यानं. "मग जगाला विचारून तरी बघू," म्हणाले. आई घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मुलगी पालीकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. सांगितलं, हिची मुलाखत टेबलाशी घेऊ नका. प्रतवारीच्या पट्ट्यापाशी, घड निवडतात तिथं घ्या. ती काम करील, तुम्ही शेजारी उभं राहून विचारा, समोर नको. आणि काय विचारणार ते तिला आदल्या दिवशी सांगा. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, असं कुठं असतं का? उद्या सगळेच म्हणतील." मग कशी कोण जाणे, माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "मी पण तशीच आहे, साहेब. तुमच्या लक्षात आलं नाही एवढंच." त्यांच्या भुवयांच्या मधे एक आठी होती, ती उलगडताना मी बघितली. "बरं, बघू करून," म्हणाले.

ती पट्ट्यावर उभी राहिली, घड हातात घेऊन, मणी फिरवून बघत. साहेब शेजारी उभे. त्यांनी विचारलं, तिनं घडाकडे बघत सांगितलं. एक प्रश्न तिला पटला नाही, ते तिनं स्पष्ट सांगितलं. साहेब हसले. तिला घेतलं. आईनं माझे दोन्ही हात धरले आणि मी ते सोडवून घेतले नाहीत, कसेबसे.

मग तिघी कँटीनमध्ये चहाला बसलो. मुलीनं चहा नको म्हटलं आणि खरंच घेतला नाही. मी तिला पगार, वेळ, बस असं सगळं सांगत होते. छान बोलत होते, खांदे सैल, दात झाकलेले. ती माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मधेच म्हणाली, "मॅडम, तुमी मघापासनं सारखं माझ्या कपाळाकडंच का बघताय?"

आईनं तिला चिमटा काढला. मी हसले, काहीतरी बोलले. इतक्या वर्षांत, इतक्या साहेबांत, इतक्या मीटिंगांत कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून मला आत कुठंतरी इतकं मोकळं वाटलं, की मी उठून गार खोलीत गेले आणि तिथं रडले.

तुमचा चेहरा आठवायला गेले, तुम्हाला हे सांगायला. पदर आठवला, खोचलेला. हात आठवले, डाळीचं पीठ लागलेले. कपाळ आठवलं, टिकली असलेलं आणि नसलेलं, दोन्ही. त्याच्या खाली काहीच येईना. मॅडम, तुमचे डोळे कसे होते हे मला माहीत नाही. मी ते कधी बघितलेच नाहीत. त्या शनिवारी, टिकली लावून तुम्ही मला प्रश्न विचारत होता तेव्हा त्यांत काय होतं, हे त्या घरात फक्त मला बघता आलं असतं.

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जुन्या शिक्षकांचे फोटो लावलेत म्हणे, तुमचाही. हे पत्र कुठं टाकायचं ते कळत नाही, तर निदान तिथं जाऊन यावं, असं रोज ठरवते. अजून गेले नाही. भीती वाटते, तिथंही मी कपाळच बघून परत येईन.